अडीच मिनिटं

नोव्हेंबर सरत आला की मिलवॉकीत
सरोवरावरून येणारा वारा कुणाची गय करत नाही,
म्हणून गुरुवारच्या शेवटच्या खेळानंतर
आम्ही समोरच्या लुडविगच्या खानावळीत शिरतो
आणि एकेका कॉफीवर दीड तास भांडतो.
यंदा भांडण सिनेमावर नव्हतं.
ओडेसा प्रिचर्ड टीव्हीवर जाणार होती.

वय चोवीस. चार वर्षं ती इंटरनेटवर लिहीत होती,
कपडे धुण्याच्या दुकानात बसून, मशीन फिरत असताना,
तिथल्या फुकटच्या वायफायवर.
एका दाराच्या शॉटवर तिनं तीन हजार शब्द लिहिले होते
(दार उघडतही नाही त्यात)
आणि आम्ही ते सगळे वाचले होते,
काहींनी दोनदा.

"गेली कामातून," कॅसिमिर म्हणाला.
कॅसिमिर बिअरच्या कारखान्यातून निवृत्त झालाय,
मतांमधून नाही.
"अडीच मिनिटं मिळतील तिला. तेवढ्यात
दार उघडेल, लागेल, आणि जाहिरात येईल."

"आणि तिचं घरभाडं?" पाकू वांगनं विचारलं.
"वाचलंस फुकट. चार वर्षांत
एक डॉलर तरी पाठवलास?"
कॅसिमिरनं साखरेची पुडी फाडली.
तो साखर घेत नाही.

थर्मन शाळेत भूमिती शिकवतो.
तो म्हणाला, लाखभर लोक ऐकतील,
त्यातले दहा जण तरी...
"दहा जण काय?"
"दहा जण गुरुवारी इथं येतील."
सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.
थिएटरच्या पाटीवरची दोन अक्षरं
महिनाभर पेटलेली नाहीत.

मी गप्प होतो. मी तिकिटं फाडतो.
तिकिटं फाडणाऱ्यालाही मत असतं,
पण ते बाहीत ठेवावं लागतं.
खरं सांगायचं तर मला राग आला होता,
आणि तो तिचा नव्हता.
जे आठ-दहा जणांचं होतं
ते आता कुणाचंही होणार, याचा होता.
असल्या रागाला धड नाव नसतं.

पहिल्या रविवारी लुडविगनं
चालू सामना बंद करून तिचा चॅनल लावला.
या गावात माणसं यापेक्षा कमी कारणावरून
एकमेकांशी बोलायची थांबली आहेत.
ती दिसली. निळा कोट, चापूनचोपून बसवलेले केस,
आणि मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर सिनेमा चाललेला.
"बघा," पाकू म्हणाली,
"पाठ आहे तिची पडद्याकडे."
बोलता बोलता तिची मान दोनदा मागं वळली,
दोनदा तिनं ती परत आणली,
बाजारात रेंगाळणाऱ्या पोराला
आई दंडाला धरून पुढं ओढते तशी.

"बरी बोलली," थर्मन म्हणाला.
"बरीच बोलली," कॅसिमिर म्हणाला.
"आणि चार तारे? ही तारे कधीपासून वाटायला लागली?"
लुडविगनं सामना परत लावला.
आपला संघ तोवर हरत आला होता,
त्याचंही खापर तिच्यावरच फुटलं.

त्या गुरुवारी ती आली.
हनुवटीखाली मेकअपची एक रेघ पुसायची राहिलेली.
तिकिटाचे पैसे मोजून दिले, सुट्टे.
तिसऱ्या रांगेत एका हाताची खुर्ची आहे,
दुसरा हात कधीच मोडला. ती तिची.
तिच्यावर कॅसिमिरचा ओव्हरकोट पसरलेला.
ती उभी राहिली. तोही बघत राहिला.
मग "ओला आहे," एवढंच म्हणाला,
आणि अख्खा खेळ
तो कोट मांडीवर घेऊन बसला.

सिनेमा लांबलचक होता. मध्येच आवाज गेला,
अकरा मिनिटं. कुणी ओरडलं नाही.
बाहेर पडताना आम्ही तिला घेरलं,
कसा वाटला? काय वाटलं?
तिनं टोपी कानांवर ओढली,
रस्त्यापलीकडं बघितलं जरा वेळ.
"अजून कळलं नाही," म्हणाली.

कॅसिमिरनं माझ्याकडं पाहिलं,
बुडीत धरलेली उसनवारी
कुणी दारात आणून द्यावी तसं.
मग म्हणाला, "तरी ते चार तारे
मला पटलेले नाहीत,"
आणि तिथंच, वाऱ्यात,
ती त्याच्याशी भांडायला लागली.