कागद संपला तेव्हा

सेव्हेनच्या डोंगरात, चेस्टनटच्या दाट सावलीत,
लाकडी जोडे कोरणाऱ्याच्या घरी
जन्मला तेओफान गारिसू.
बापाला वासावरून लाकूड कळायचं,
पोराला बोटांनी पान कळू लागलं.
माँपेलिएला धाडला डॉक्टर व्हायला;
सगळे मेजावरच्या प्रेताभोवती,
आणि हा खिडकीत,
समोरच्या भिंतीवरचं शेवाळ बघत.
तिसऱ्या वर्षी नापास.
चौथ्या वर्षी जहाजावर.

एकवीस वर्षं न्यू कॅलेडोनियात.
नखांत बसलेली तांबडी माती
परत आल्यावरही निघाली नाही म्हणे.
वाट दाखवायला पुइंदी नावाचा म्हातारा कानाक.
तो म्हणायचा, याला आमच्यात नाव आहे.
तेओफान लिहून घ्यायचा,
चारदा चार तऱ्हांनी.

त्याचे गठ्ठे आता माझ्या टेबलावर.
मी पगारी बाई. नेचा चिकटवायचा,
शिक्का मारायचा, पुढचा उचलायचा.
हातमोजे घालून, कारण किडीसाठी लावलेलं
पाऱ्याचं विष अजून जिवंत आहे.
तो रोपं वाळवायचा जुन्या वर्तमानपत्रांत.
पॅरिसला वेढा, लोक उंदीर खातात,
ही बातमी त्याला पोचली चार महिन्यांनी;
तिच्यावर एक नेचा निजलाय,
अंग मोकळं टाकून.

सतराव्या पेटीत मात्र वर्तमानपत्र नव्हतं.
घडीचं पत्र होतं, बहिणीच्या हातचं.
'आई गेली. सोमवारी.
चेस्टनट वेचायला माणसं आली होती, म्हणून
निरोप उशिरा.
तुझे जोडे अजून दाराशीच आहेत. काढू का?'
अक्षरांवर नेच्याचा तपकिरी डाग,
पानापानाचा, देठासकट.
मागे त्याच्या पेन्सिलीनं:
उंची सातशे मीटर. ओढ्याकाठ. पाऊस.
कागद संपला.

मला राग आला त्याचा. दोन दिवस टिकला.
मग आठवलं, माझ्या नवऱ्याच्या आजारातली
औषधांची चिठ्ठी
मी अजून पाककृतींच्या वहीत ठेवलीय.

एका मित्रानं एका वंशाला त्याचं नाव दिलं होतं.
पुढे कुणीतरी तपासून ठरवलं, हा वंश वेगळा नाहीच.
गारिसूचं नाव आता
बारीक टायपात, दुसऱ्या कुणाच्या नावाखाली.

नियम असा: पत्र अभिलेखागारात, नेचा इथे.
मी दोन्ही होते तसे मिटले,
दोघांना मिळून एकच क्रमांक घातला.
बहिणीला त्यानं काय कळवलं
ते अजून सापडलेलं नाही.
नऊ पेट्या उरल्यात.