मगर

हजेरीला माझा नंबर एकोणतीस.
‘हाजर’मधला ‘हा’ घशात अडकतो,
मागचा बाक तो माझ्यासाठी पुरा करतो :
हा-हा-हा-हा.

मिरजेहून बडोद्याला आलो तेव्हा आई म्हणाली,
नवं गाव, नवी भाषा, सुटेल जीभ.
आता दोन्ही भाषांत अडकते.

रात्री गेममध्ये मी मगर.
विश्वामित्रीच्या पुलावरून पाहिलेली,
काठावर तोंड उघडं टाकून पडलेली.
तिला कोणी विचारत नाही, काय म्हणायचंय.

चौघांत मी नुसता टाइप करायचो.
काल दोन्ही हात बंदुकीत गुंतले, शत्रू जिन्यात,
माइक चालू केला :
ड... ड... डा...

भुसावळची घूस थांबली.
हुबळीचा बंड्या थांबला.
कोणी माझं वाक्य ओढून घेतलं नाही.
...वीकडे, म्हणालो,
तोवर चौघंही मेलो होतो.

जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग घूस म्हणाली,
‘आवाज भारीये की रे तुझा, मगर.
पुढच्या वेळी जरा आधी सुरू कर.’

आई दारात. कोणाशी हसतोयस एवढ्या रात्री?
मि... मि...
नेहमीसारखा ती शब्द पुरा करणार,
मी हात वर केला :
थांब.