डावीकडून तिसरा

सुपडू तायडे गेला त्या दिवशी भुसावळात सत्तेचाळीस होतं.
स्मशानात आम्ही सातजण वेगळे उभे.
एकमेकांची आडनावं आम्हाला तिथं कळली.
तीस वर्षं आम्ही फक्त वरातींत भेटत आलो होतो,
ज्यांचं बोलावणं आमच्यातल्या कुणालाच नसायचं.

मी पार्सल ऑफिसात. हमीद तडवी केळीच्या वॅगनी भरायचा.
निंबाजी बऱ्हाटे तिकीट तपासनीस, वरातीतही काळ्या कोटात;
वऱ्हाडी त्याला पाहून उगाच खिसे चाचपायचे.

लाल डगला, खांद्यावर झालर, पायात टायरच्या चपला,
बँडच्या रांगेत डावीकडून तिसरा, तो सुपडू.
सॅक्सोफोन गार्ड विल्मटचा.
रेल्वे इन्स्टिट्यूटात शनिवारी नाच चालायचा,
सुपडू सोड्याच्या बाटल्या पोचवायचा आणि दाराशीच राहायचा.
विल्मट पर्थला गेला, पेटी ठेवून गेला,
आणि एक शब्द, जॅझ.
कौतिकबाई त्याला जाच म्हणायची.

रीड मुंबईहून मागवायचं तर पगार जायचा.
म्हणून तो तापीकाठी उतरला, बोरू तोडला,
पत्र्यावर वाळवला, दाढीच्या ब्लेडनं तासला.
ज्या बोरूनं शाळेत कित्ता गिरवायचे
त्याच बोरूनं सुपडूनं कित्ता मोडला.

जामनेर रोडच्या वळणावर बँडमास्तर दम खायला थांबला
की हा निघायचा.
गाणं तिथंच, नवरदेवासारखं ताटकळत,
हा बाजूच्या बोळात,
कुणाच्या मोरीवरून, कुणाच्या भांडणातून,
थेट लोको शेडच्या भोंग्यापर्यंत.
तिथला एक सूर तो वाकडाच धरायचा,
ऐकणाऱ्याला लाज वाटावी इतका वाकडा,
आणि मग खालची जमीन हळूच सरकवून
तोच सूर खरा करून दाखवायचा.
ढोलवाला गप्प. घोडी उभी.
मुलीचा बाप ओरडायचा,
"सरय वाजव ना बे, पैसे देले तुले!"
दोन मिनिटं, फार तर तीन.
मग लघवीला जाऊन आल्यासारखा
परत रांगेत, डावीकडून तिसरा.

त्याचं वाजवणं कुणी धरून ठेवलं नाही.
एक कॅसेट तेवढी, फैजपूरच्या लग्नाची, एकोणनव्वदची.
जलदानविधीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो,
निंबाजीनं व्हीसीआर गोणपाटात बांधून आणलेला.
द्वारका फेगडेनं दार उघडलं, सात म्हातारे पाहिले,
काही न विचारता पाणी दिलं, वर शेव.

पडद्यावर घोडी. घोडीचे दात. डोक्यांवरच्या बत्त्या.
सुपडू चौकटीबाहेर.
एकदा पितळेचं टोक चमकलं, तेवढंच.
जनरेटरची घरघर, आणि घरघरीखाली तो.
हमीदनं टीव्हीला कान लावला,
आजाऱ्याच्या छातीला लावावा तसा.
आत्ता भोंगा येणार, मी म्हणालो,
आणि चित्र उडी मारून पंगतीत गेलं,
भरिताच्या पातेल्यावर.

कुणी बोललं नाही. द्वारकाबाईच बोलल्या.
"मी आतमधी होती, मुंडावळ्या बांधून.
दिसत काहीच नव्हतं, आवाज येत होता.
त्या दिवशी सगये मले सांगत होते.
हे एकटं इचारत होतं."
मग थोडं थांबून,
"आमच्या बापानं त्याचे अर्धे कापले व्हते ना?"
आत गेल्या, दोनशेच्या दोन नोटा घेऊन आल्या.
हिशेब त्यांनी कसा केला, माहीत नाही.

परतीच्या एसटीत आम्ही भांडलो.
पुढं तो चढला की उतरला?
सातजणांनी सात तऱ्हांनी गुणगुणून दाखवलं,
कंडक्टर म्हणाला, भजन खाली उतरून करा.

कौतिकबाईनं नोटा उजेडात धरून पाहिल्या,
पदराला बांधल्या, पेटी आमच्याकडं सरकवली.
आत सुपारीची डबी. डबीत अकरा बोरू,
कापलेले, तासायचे राहिलेले.
आमच्यात वाजवणारा कुणी नाही.
हमीदनं एक ओठांत धरला, बराच वेळ.
चव लागते, म्हणाला,
गाळाची.