मोज्यातली कुसळं

काटोल सोडलं की थोड्या वेळानं डांबर संपतं,
मग मुरूम, मग मुरमावर मुरूम,
आणि बोरखडीचं गायरान.
पहिल्यांदा गेलो तेव्हा माझं गिरमिट
चार बोटांवर अडलं.
मी तसं लिहिलं :
खोली आठ सेंटिमीटर. धूप तीव्र. उपयोग नाही.
'नाही'वर शिक्का फिका उमटला
म्हणून पुन्हा मारला.

रात्री नागपुरात मोजे काढले
तर कुसळं. काळी, टोकदार, घोट्यापर्यंत.
बायको म्हणाली, हे काय पेरून आणलं पायात?
मी म्हणालो, सगळं चरून झालं
की शेवटी हेच उरतं.

पार्बता नेवारेनं माझा अहवाल वाचला नव्हता.
तिला वाचता येत होतं;
पण ग्रामपंचायतीत तो घडी होऊन
खुर्चीच्या आखूड पायाखाली होता.

आधी खात्यानं नऊशे रोपं लावली.
मेच्या सेहेचाळीस अंशांत त्यांच्या काड्या झाल्या.
फलक तेवढा जगला,
शेळ्या त्याच्या सावलीत रवंथ करायच्या.

मग तिनं तीन बांबू बांधले,
मधून दोरी, दोरीला दगड,
आणि एवढ्यावर अख्ख्या टेकडीची पातळी काढली.
चर खणले आठ बायकांनी,
सब्बल मोडली दोनदा.
बियांसाठी ती इटारसी लाइनीवर गेली :
रेल्वेच्या कुंपणाआत गुरं शिरत नाहीत,
तिथं पवन्या उभा होता, मारवेल होतं,
टेकडीवरचं जुनं गवत,
गाड्यांच्या वाऱ्यानं मान तुकवत.
उशीच्या खोळीत भरून आणलं.
शेणमातीत कालवलं.

झिंगर शेंदरेच्या बावीस शेळ्या.
"कुठं चारू? तुह्या लुगड्यात?"
कापून ने, ती म्हणाली, इळा मी देतो म्हणते का, देतेच.
त्यानं इळा घेतला,
आणि एका रात्री शेळ्याही सोडल्या.
सकाळी दोन चर बुजलेले.
ती काहीच बोलली नाही असं लिहायला बरं वाटेल.
ती बोलली.
ते शब्द अहवालात बसत नाहीत.

पाचव्या वर्षी मी पुन्हा गेलो.
चराच्या वरच्या अंगाला गिरमिट वीतभर उतरलं,
गाळ, काळसर, जरा ओला,
आणि हातात आलं गांडूळ,
ते मी नमुन्यात न धरता परत ठेवलं.
चराबाहेर मात्र अजून चार बोटंच.
सेंद्रिय कर्ब होता शून्य पूर्णांक एकवीस शतांश,
झाला चौतीस.

"म्हंजे किती?" पार्बतानं विचारलं.
मी कागदावर मातीची चिमूट ठेवली,
मग तीही थोडी कमी केली.
ती वाकून बघत राहिली.
"याच्यासाठी पाच वर्सं?"
मला उत्तर सुचलं नाही.
दूर कोणाच्या तरी संत्र्याच्या बागेत
बोअरची गाडी नवव्या शतकी फुटाला दगड दळत होती,
पांढरी धूळ उडत होती.
"नखात राहते एवढी," ती म्हणाली,
आणि नखं लुगड्याला न पुसता
झिंगरच्या भाऱ्याला हात लावायला गेली.
त्याच्या शेळ्या आता पंधरा.
बाकीच्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

घरी आलो. मोजे काढले.
कुसळं होतीच, थोडी.
पण त्यांत दुसरंही काही अडकलेलं,
पिवळट, मऊ, लांब शेपटीचं.
मी एक बी बेसिनच्या कडेला ठेवलं,
शेपटीला ओलं बोट टेकवलं.
ती वळली. हळूच, स्वतःभोवती,
पीळ सोडत, टोक खाली दाबत,
भोक पाडायच्या बेतात.

खाली संगमरवर होता.
त्याला ते कोणी सांगितलं नव्हतं.