बाकडं

महाप्याच्या नाक्यावर सलग तीन संध्याकाळी
बाळाराम घरतांच्या टपरीवर बसते आहे.
पर्समध्ये दोन ऑफर लेटरं,
तिसरं फोनवरचं, "समजा झालंच."
समोर तिन्ही इमारती, काचेच्या,
एकमेकींत बघून केस विंचरणाऱ्या.

आधी रीतसर केलं सगळं. तक्ता मांडला:
पगार, पीएफ, नोटीस, घणसोलीहून रिक्षाचे पैसे.
पहिलीच्या एचआरला विचारलं,
प्रोजेक्ट संपलं की माणसाचं काय करता?
"आमच्याकडे बेंच नाहीच," म्हणाली,
स्थळ बघायला गेल्यावर
मुलाकडचे म्हणतात तशी, घरात कुणी पीत नाही.

दुसरीत लिफ्टपाशी सुहृद परचुरे भेटला, जुना सहकारी.
"माझ्या बायोडेटात सात वर्षं आहेत,
खरी चार. तीन क्लायंटला विकली."
हसला,
पण लिफ्टचं बटण त्यानं तीनदा दाबलं.

मीही बसलेय बेंचवर. एकशे बारा दिवस.
रोज कार्ड टेकवून आत, रोज इस्त्रीचा कुर्ता.
काम नाही हे फक्त कॅन्टीनच्या पोऱ्याला कळलेलं;
तो माझा कप जरा हळू ठेवायचा.

म्हणून आता तक्ता मिटून खिडक्या मोजते.
साडेनऊ. पहिलीचा चौथा मजला अजून जळतोय.
दुसरीतले दिवे सातलाच जातात,
मग माणसं पार्किंगमध्ये, गाडीत,
मांडीवर लॅपटॉप उघडून बसतात.

काकांनी ओळखलं.
एका कटिंगवर दोन तास कोण बसतं?
गाळणी आपटत म्हणाले,
"पहिलीची पोरं एकेकटी येतात. फोनात बघत पितात.
दुसरीला उधारी देत नाही मी.
तारीख येईतो पोराचं कार्डच बंद झालेलं असतं."
"आणि तिसरी?"
"भांडतात.
साहेब बसतो ना, आत्ता तू बसलीस तिथंच,
आणि एक बारकी पोर तोंडावर सांगते, तुमचं चुकलं.
दुसऱ्या दिवशी परत येतात."
दूध उतू जाऊ लागलं, ते वळले.
"दोघं," पाठमोरेच म्हणाले.

तिसरीचा पगार अकरा हजारांनी कमी.
लेटर तर आलेलंही नाही अजून.

मी जरा सरकते. बाकडं डुगडुगतं,
एका पायाखाली विटेचा तुकडा, तो नीट सारते.
रस्ता ओलांडून एक बारकी मुलगी येतेय,
गळ्यात निळी पट्टी, हात हलवत
येता येताच काहीतरी नाकारत.
मागून एक माणूस,
खिशात सुट्टे शोधत.