भोकातला दगड

बोर्बा गावात फुटपाथच्या कडासुद्धा संगमरवरी.
बसथांब्याचा बाक, खाटकाचा ओटा, दवाखान्याची पायरी,
कुणाला त्याचं काही वाटत नाही.
एका बेल्मिरोच्या घरात तेवढा दगड नव्हता.
उंबऱ्यावर सिमेंट,
आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर
संगमरवराचं चित्र छापलेला सनमायका,
कोपऱ्यात फुगून सुटलेला.

मी माप घ्यायला गेलो
तेव्हा तो खिडकीपाशी पाठमोरा.
एकतीस वर्षं खाणीत.
"भाकरीतून भुकटी खाल्ली त्याची," म्हणाला,
"आता त्याच्यावरच भाकरी कापायची?"
एर्मेलिंदाने उत्तर दिलं नाही.
टेपचं दुसरं टोक धरून
ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

भिंत काटकोनात नव्हती. नसतेच.
चौदा वर्षांत एकही घर मला काटकोनात भेटलेलं नाही.
म्हणून आधी पुठ्ठा कापायचा,
भिंतीला घासून बघायचा, परत कापायचा;
दगडाला आधीच सांगून ठेवावं लागतं
भिंतीने कुठे पोट काढलंय ते.

शनिवारी दोघं वखारीत आले.
ग्रॅनाइट घ्या, मी म्हटलं,
लिंबाला भीत नाही, वाइन पीत नाही.
संगमरवरावर व्हिनेगरचा थेंब पडला
की तेवढ्या जागेची चकाकी गेली,
मग पुसा, नाहीतर रडा.
"आमच्या दारात लिंबाचं झाड आहे," एर्मेलिंदा म्हणाली,
"ते तोडू?"

मी बादलीने पाणी मारलं.
कोरड्या दगडाचा रंग खरा धरू नये.
ओली झाल्यावर लादी गुलाबी झाली,
तापातल्या पोराच्या कानाच्या पाळीसारखी,
आणि बाई खुळावली.

बेल्मिरो तोवर फाटकाशी सिगारेट ओढत होता.
आत आला, बघितलं काहीच नाही,
बोटाचं पेर वाजवत गेला एकेका लादीवर,
बाजारात कलिंगड वाजवतात तसं.
गुलाबीपाशी थांबला. "हिच्यात भेग आहे."
मला दिसली नाही.
(सोमवारी करवतीखाली तिचे दोन झाले.)

मागे, भिंतीला टेकून,
एक उरलेली लादी होती, धूळ खात,
आरपार तपकिरी शीर गेलेली.
गिऱ्हाइकांना वाटतं नळाचा गंज उतरलाय.
तिच्यावर त्याने पेर वाजवलं नाही.
नुसता तळवा ठेवला.
"ही सगळ्यात खालच्या पायरीची.
पाणी भरायच्या आधीची."

ती खाण आता हिरव्या पाण्याखाली आहे,
पोरं वरून खडे टाकतात
आणि आवाज यायची वाट बघतात.

निम्म्या भावात देतो, मी म्हटलं.
तो भडकला.
"पूर्ण लाव!"

लादी आडवी उचलत नाहीत,
स्वतःच्याच वजनाने मोडते.
चौघांनी ती उभी धरून आत नेली,
काचेसारखी, शिव्या देत.
सिंकसाठी भोक आधीच पाडलं होतं.
भोकातला तुकडा आम्ही मागे टाकतो,
असे शंभरेक पडलेत, त्यांवर कोंबड्या बसतात.

दुसऱ्या दिवशी बेल्मिरो हातगाडी घेऊन हजर.
"भोकातला दगड कुठाय?"
दिला शोधून, शीट पुसून.
गाडीला टेकून बराच वेळ दम खात राहिला, मग म्हणाला,
"एकतीस वर्षं दगड काढला.
दगड जहाजात बसून गेला, कुणाच्या न्हाणीघरात कोण जाणे,
आमच्याकडे भोक राहिलं.
हे पहिलंच भोक बघ,
ज्याचा दगडही माझ्याकडे."

परवा सीलर मारायला गेलो.
उंबऱ्यावरचं सिमेंट फोडलेलं,
तिथे तो तुकडा, जरासा तिरका,
दारही काटकोनात नाही ना.
बेल्मिरो शेजारी उकिडवा, हातात थापी.
आत ओट्यावर लिंबाची दोन कडी उमटलेली
मला बाहेरूनच दिसली.
मी पाय उचलला.

"ओलांडून जा," तो म्हणाला,
"अजून ओलं आहे."