दिवा तसाच आहे

मॉनिटर आला बंद पडलेल्या एका विमा कचेरीतून,
वीस युरोत, केबलसकट.
खालच्या कडेची बटणं कुणीतरी गोंदानं लिंपून टाकलेली.
का, ते विचारायला आता तिथे कुणी नाही.
काद्रीचं काही अडलं नाही.
रात्री बसची वेळापत्रकं तपासायची,
तार्तू ते वाल्गा, वाल्गा ते तार्तू,
पांढऱ्यावर काळे आकडे, भगभगीत उजेडात,
आणि खोली एकटीची.

नोव्हेंबरात वडील आले बेटावरून,
डोळ्याच्या ऑपरेशनला.
दवाखान्यातून परतले ते
उजव्या डोळ्यावर जाळीची प्लास्टिकची वाटी चिकटवून.
पलंग एकच, तो त्यांना.
पहिल्या रात्री काही बोलले नाहीत.
दुसऱ्या रात्री भिंतीकडे तोंड केलं.
तिसऱ्या रात्री तोंडावर लोकरीची टोपी.
हा माणूस असाच,
तक्रार टोपीतून करतो.

काद्रीनं टर्मिनल उघडलं, एक ओळ लिहिली:
शून्य पूर्णांक तीन. एंटर.
पडदा सांजावला.
वाल्गा राखेत बुडालं,
आठ पाच की आठ सहा
हे नाक टेकवून बघावं लागलं.
"झालं ना, बाबा?"

टोपीखालून आलं,
"काच काजळलीस. दिवा तसाच आहे."

एकतीस वर्षं दीपस्तंभावर काढलेली.
(त्यात नवलाचं काही नाही, ते सांगतात,
निम्मी पक्ष्यांची शीट पुसण्यात गेली.)
उठले, टेबलाची कड धरधरून आले,
मॉनिटरच्या पाठीवर पंजा ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"बघ. गरम."
खरंच होता.
तिची ओळ नुसती चित्रात काळं कालवत होती,
मागचे दिवे जळत होते पूर्वीइतकेच,
कुणाला न दिसता.

मग ती एक वाजेपर्यंत शोधत बसली.
आधी काजळी पुसली, एक पूर्णांक शून्य.
मग दुसरं काहीतरी उतरवून घेतलं,
केबलमधून थेट मॉनिटरशी बोलणारं.
परवानगी नाही, म्हणालं.
पुन्हा, नाही.
तिसऱ्यांदा पासवर्ड दिला आणि खालून उत्तर आलं:
चालू ऐंशी. कमाल शंभर.
तीन वर्षं समोर बसलेला हा,
याला काही विचारता येतं
हेच तिला ठाऊक नव्हतं.
वडिलांबद्दलही असंच म्हणता आलं असतं.
म्हणाली नाही.

घाईत दहा लिहायला गेली.
एक उमटलाच नाही. शून्य उमटलं.
एंटर.

आणि या जुन्या पडद्याचं शून्य
खरोखरचं शून्य निघालं.
खिडकीत समोरच्या इमारतीचा एक जिना तेवढा पिवळा,
बाकी खोली गेली.
"हां, आता बरं," वडील म्हणाले.
थोड्या वेळानं, "पण तुझं काम?"
काद्रीला हसू फुटलं, मग घाम.
बटणं गोंदात, अक्षरं अंधारात.
"हाताला विचार," ते म्हणाले,
"मीही वरची किल्ली अंधारातच फिरवायचो."
वरचा बाण, एकदा.
मागे जाणारी कळ, एकदा.
एक. थांबली. पाच.
करंगळीनं चाचपून एंटर.

तार्तू सुटण्याची वेळ आठ पाच.
सहा नव्हे. स्वच्छ पाच.

वडिलांचा पंजा अजून मॉनिटरच्या पाठीवर.
"गार व्हायला दहा मिनिटं लागतील, बाबा."
"मला कुठे बस पकडायचीय?"
तिनं खाली पाहिलं. वाल्गाला पोचायची वेळ
निघायच्या आधीची पडली होती.
दुरुस्त केली.
टोपी खाली कुठेशी पडली,
ती सकाळपर्यंत तिथेच.